सहा इंची होल

भिंतीतून निघालेला तो गोल तुकडा मी टाकू दिला नाही. ड्राय बाल्कनीच्या कट्ट्यावर तो अजून ठेवलेला आहे, धान्य मोजायच्या अधोलीएवढा. बाहेरच्या टोकाला खरबरीत प्लास्टर, मग लाल वीट, विटांमधली मसाल्याची एक तिरकी रेघ, आतलं प्लास्टर आणि सगळ्यात शेवटी पांढरीशुभ्र टाईल. ती टाईल जेमतेम महिन्याभराची होती. आधी टाईल लागली, मग ती फोडून होल पडलं. आमच्या स्वयंपाकघराच्या कामात काय चुकलं ते त्या तुकड्यात थराथराने दिसतं.

आम्ही सुकापूरला राहतो. पनवेल स्टेशनातून नवीन पनवेलच्या बाजूने बाहेर पडून माथेरान रस्त्याला लागलं की रिक्षाने काही मिनिटांत सुकापूर येतं. कागदोपत्री पाली देवद, तोंडी सुकापूर. जवळून गाढी नदी वाहते आणि पूर्वेला माथेरान-प्रबळगडाची रांग आहे. पुढे हाच रस्ता नेऱ्यावरून डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांकडे जातो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना चार-चार मजल्यांच्या इमारती दाटीने उभ्या आहेत. नवी मुंबईच्या विमानतळाभोवतीच्या पट्ट्यासाठी, म्हणजे ‘नैना’साठी, शासनाने 10 जानेवारी 2013 रोजी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. इथल्या कित्येक इमारती त्याच्या आधी उभ्या राहिलेल्या आहेत. आमचीही त्यातलीच. अशा इमारतींत वीस वर्षांनी दुरुस्ती निघते, तेव्हा भिंतीत कुठे काय दडलंय याचा नकाशा सहसा कुणापाशीच नसतो. बिल्डर निघून गेलेला असतो आणि सोसायटीच्या कपाटात नकाशा असला तरी तो मंजुरीचा असतो, प्रत्यक्ष बांधकामाचा नसतो.

स्वयंपाकघराचं काम आम्ही उक्तं दिलं होतं. ठेकेदाराने दोन पानांची यादी करून दिली. ओट्याचा ग्रॅनाईट किती जाड, सिंक केवढं, टाईल कुठपर्यंत, ट्रॉल्या किती, माळ्याची दारं कसल्या प्लायची, नळ कुठल्या कंपनीचे, सगळं त्यात होतं. चिमणीही होती, तिचं मॉडेलसुद्धा लिहिलेलं होतं. आम्ही दोघांनी यादी दोनदा वाचली आणि सही केली. सासूबाईंनी चष्मा लावून तीच पानं वाचली आणि विचारलं, “अगं, पण धूर कुठून जाणार?”

मी म्हटलं, “आई, चिमणी आहे ना.”

“चिमणी ओढेल गं. पण ओढून टाकेल कुठे?”

यादीत त्याचं उत्तर नव्हतं. मी ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, ते चिमणीवाल्यांचं काम, ते आले की करतात. चिमणीच्या दुकानात विचारलं तर उत्तर आलं की पाइप जोडून देतो, भिंतीला होल ग्राहकाने करून ठेवायचं. सुतार म्हणाला, मला फक्त कपाटाचं माप द्या. इलेक्ट्रिशियनने प्लगची जागा विचारली आणि तो गेला. चार माणसं, चारही आपापल्या कामात वाकबगार, पण धुराची वाट एकाच्याही वाट्याला आली नव्हती. पुढे मी इमारतीतल्या आणि आसपासच्या बऱ्याच घरांत चौकशी केली. थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच घडलेलं होतं. चिमणी बसते, पण तिचा पाइप कुठे जातो ते घरमालकालाही धड सांगता येत नाही.

सासूबाईंचं माहेर नेऱ्याच्या पुढे, गाढीच्या वरच्या अंगाला. त्यांच्या लहानपणी घराला धुरासाठी वेगळी वाट ठेवावी लागत नव्हती, कारण अख्खं घरच धुराची वाट होतं. कौलांच्या फटीतून धूर झिरपायचा. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये हात जाईल एवढी मोकळी जागा असायची. चुलीच्या वर बांबूच्या पट्ट्यांची जाळी टांगलेली असे आणि तिच्यावर पावसाळ्यासाठी सुकी मासळी आणि पुढच्या पेरणीसाठी बियाणं ठेवत. धुरामुळे त्याला कीड लागत नसे. वाशांवर काजळीचा थर बसायचा, त्यामुळे वाळवीही लांब राहायची. हे त्या कौतुकाने सांगतात आणि लगेच आपल्या आईबद्दल सांगतात. पन्नाशीतच तिच्या डोळ्यांतून सतत पाणी यायचं, आणि शेवटची कित्येक वर्षं तिचा खोकला कधी थांबला नाही. घर धुराने टिकलं आणि बाई धुराने खंगली, या दोन्ही गोष्टी त्या एकाच दमात सांगतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये घरातल्या धुराने जगभरात 32 लाख माणसं दगावली. त्यातली सुमारे 2 लाख 37 हजार पाच वर्षांखालची मुलं होती. सासूबाईंच्या आईसारख्या बायकांच्या मृत्यूच्या दाखल्यावर धूर हा शब्द कुठेच नसतो. तिथे दमा लिहिलेला असतो, नाहीतर हृदयविकार.

चुलीला धुराडं लावून धूर घराबाहेर काढण्याची खटपट आपल्याकडे स्वातंत्र्याच्या आधीपासूनची आहे, आणि तिचा एक धागा वर्ध्याचा आहे. डिसेंबर 1934 मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे पहिले चिटणीस. संघाचं काम मगनवाडीत चाले. ती जागा मगनलाल गांधींच्या नावाची, आणि तिथे घडलेल्या बिनधुराच्या चुलीलाही त्यांचंच नाव मिळालं, मगन चूल. कुमारप्पा अर्थशास्त्री होते, आणि खेड्याच्या अर्थशास्त्राची बैठक मांडणाऱ्या माणसाच्या संस्थेला स्वयंपाकघरातल्या धुराचा प्रश्न आपला वाटला, याचं मला फार अप्रूप आहे. पुढे हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतले डॉ. एस. पी. राजू यांनी याच प्रश्नावर काम केलं आणि 1953 मध्ये कोट्यवधींच्या स्वयंपाकघरांतला धूर घालवण्याबद्दल पुस्तिका लिहिली.

तत्त्व सोपं आहे. गरम हवा हलकी असते, म्हणून ती वर चढते. तिला उभी आणि बंद वाट दिली की ती चढताना मागून थंड हवा ओढून घेते. धुराडं जितकं उंच आणि आतली हवा जितकी गरम, तितकी ओढ जास्त. त्यात वाकण आलं की ओढ घटते. काजळीने आतली वाट अरुंद झाली तरी घटते. धुराड्याचं तोंड छपराच्या आढ्याखाली राहिलं तर वाऱ्याच्या झोतासरशी धूर उलटा घरात उतरतो. एवढं कळलेला गवंडी चांगलं धुराडं बांधू शकतो. पण ही माहिती कागदावर असणं वेगळं आणि नेमक्या घरात प्रत्यक्ष ते धुराडं बसवणं वेगळं.

सरकारी योजनेचं नेमकं इथेच अडलं. 1983 पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा कार्यक्रम हाती घेतला आणि 2002 पर्यंत देशभरात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्या गेल्या. उद्दिष्ट चुलींच्या संख्येचं होतं. बसवणारा माणूस चुली मोजून पैसे घेऊन पुढच्या गावाला जाई. सिमेंटच्या पाइपाचं धुराडं छपरातून बाहेर काढलं की त्याच्या कडेने कौलांतून पाणी गळायला लागे. कोकणातल्या पावसात ते गळणारच. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मग घरातलं कुणीतरी पाइप काढून भोक बुजवे आणि चूल पुन्हा मोकळी जळू लागे. जिथे पाइप राहिला तिथे तो काजळीने भरे, कारण तो साफ करायचा असतो हे सांगायला कुणी परत आलेलं नसे.

याचा सर्वात काटेकोर पुरावा ओडिशातून आला. रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथे धुराड्याच्या चुली बसवलेल्या घरांचा चार वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या श्वासात जाणारा धूर खरोखर कमी झाला होता. त्यानंतर तो फरक नाहीसा झाला. चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत, मोडल्या तर दुरुस्त झाल्या नाहीत. प्रयोगशाळेत ज्या चुलीने धूर घालवला, त्याच चुलीने घरात तो घालवला नाही. सुकापूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ओट्याशी उभं राहून मी हे वाचलं, तेव्हा आमच्याच कामाचा हिशेब वाचल्यासारखं वाटलं. वस्तू आणून बसवली म्हणजे काम झालं, ही समजूत खेड्यातल्या चुलीपासून शहरातल्या ओट्यापर्यंत एकच आहे.

पुढे गॅस आला. उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशात बलियाला सुरू झाली आणि तिची आठ कोटीवी जोडणी 7 सप्टेंबर 2019 रोजी औरंगाबादला दिली गेली. सिलिंडर घरात आला की धूर गेला असं आपण धरून चालतो. लाकडाचा धूर गेला हे खरं, आणि ते लहान काम नाही. पण ज्योत आहे तिथे तिचं उत्सर्जनही आहे, ते फक्त दिसत नाही. एक किलो गॅस जळला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड आणि दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. 14.2 किलोच्या एका सिलिंडरातून बावीस लिटरच्या वर पाणी स्वयंपाकघराच्या हवेत जातं. पावसाळ्यात कपाटाच्या मागच्या भिंतीवर धरणाऱ्या बुरशीत या पाण्याचाही वाटा असतो. त्यात फोडणीचा, तळणाचा, भाकरीच्या जळक्या पिठाचा धूर मिळवा. ज्याला आपण चिमणी म्हणतो ती यासाठी हवी असते.

या शब्दानेही बरंच अंतर कापलंय. आधी रॉकेलच्या छोट्या दिव्याला चिमणी म्हणत, कंदिलाच्या काचेलाही चिमणी म्हणत, गिरणीचं उंच धुराडंही चिमणीच होतं, आणि आता ओट्यावरच्या पंख्याच्या पेटीला आपण चिमणी म्हणतो. धुराड्यात वाट हीच वस्तू होती. आजच्या चिमणीत वस्तू विकत मिळते आणि वाट आपण करून घ्यायची असते. दुकानात पेटी काचेची आणि चकचकीत असते, तिची ओढ ताशी 1,200 घनमीटर असल्याचं पेटीवर लिहिलेलं असतं. पाइप मात्र दाखवण्यासारखा नसतो, म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आमच्याकडे पहिल्यांदा जे झालं ते असं. चिमणी बसवणारी माणसं आली तेव्हा टाईल लागून गेलेली, कपाटं उभी राहिलेली आणि माळ्याची दारं बसलेली होती. ओट्यालगतच्या बाहेरच्या भिंतीला होल नव्हतं, कारण ते करायचं कुणाचंच नव्हतं. त्यांनी चुण्यांचा ॲल्युमिनियमचा पाइप माळ्यावरून नेला, तुळईखालून दाबून काढला आणि ड्राय बाल्कनीत सोडून दिला. साधारण अकरा फूट लांबी, तीन काटकोनी वळणं, आणि तुळईखाली चपटा होऊन निम्मा राहिलेला पाइप. ड्राय बाल्कनीला सरकत्या काचा लावलेल्या, म्हणजे पाइपाचं तोंड प्रत्यक्षात घरातच होतं. बसवणाऱ्यांनी बटण दाबलं, चिमणी घोंघावली, कागदाचा कपटा जाळीला चिकटून राहिला. “बघा ताई, ओढतेय,” म्हणून त्यांनी सही घेतली.

दोन आठवड्यांत वाळत घातलेल्या कपड्यांना बोंबलाचा वास येऊ लागला. तो सहन झाला असता. मला खटकलं ते वेगळंच. सकाळी पोळ्या लाटताना चिमणी चालू असली की बाथरूमच्या दाराखालून पायांना गार वारा लागायचा. आमच्या बाथरूमची झरोक्याची खिडकी त्याच ड्राय बाल्कनीत उघडते, आणि बाथरूममध्ये गॅसचा गिझर होता.

एका रविवारी मी घरातल्या सगळ्या खिडक्या लावल्या, चिमणी तिसऱ्या वेगावर टाकली आणि बाथरूमच्या दाराच्या फटीशी उदबत्ती धरली. धुराची रेघ सरळ वर जायला हवी होती. ती आडवी होऊन स्वयंपाकघराकडे धावली. म्हणजे चिमणी जो धूर ड्राय बाल्कनीत टाकत होती, तोच बाथरूमच्या झरोक्यातून आत येऊन पुन्हा आमच्याकडे येत होता. त्याच वेळी कुणी अंघोळीला गेलं असतं, तर गिझरचं जळलेलं सगळं त्याच्यासोबत आलं असतं.

इथे थोडं थांबून हिशेब सांगते, कारण तो मला आधी कुणी सांगितला नव्हता. आमचं स्वयंपाकघर 8 बाय 10 फुटांचं आणि साडेनऊ फूट उंचीचं, म्हणजे साडेएकवीस घनमीटरच्या आसपास. ताशी 1,200 घनमीटर म्हणजे मिनिटाला 20. पेटीवरचा आकडा मोकळ्या तोंडाचा असतो, पाइप जोडला की तो उतरतो. पण अर्धा धरला तरी दोन मिनिटांत स्वयंपाकघरभर हवा बाहेर जाते. तेवढीच हवा कुठूनतरी आत यावी लागते. खिडकी उघडी असेल तर ती खिडकीतून येते. नसेल तर दाराच्या फटीतून, मोरीच्या जाळीतून, गिझरच्या बाथरूममधून येते. जिथे वाट मिळेल तिथून.

कोंडलेल्या जागेत गॅस जळू लागला की प्राणवायू घटतो आणि ज्योत अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणसाला फक्त डोकं जड झाल्यासारखं, झोप आल्यासारखं वाटतं आणि पाय लटपटतात. बंद बाथरूममध्ये गॅस गिझरने माणसं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. आपण त्या वाचतो आणि आपल्या गिझरला काही झालेलं नाही म्हणून पान उलटतो. मीही अनेक वर्षं उलटलं. त्या रविवारी संध्याकाळीच आम्ही गिझरचा सिलिंडर बंद केला, आणि आठवड्यात विजेचा गिझर लावला. या लेखातली एकच गोष्ट कुणी आज करणार असेल, तर गॅसचा गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत काढावा.

मग पाइपाचं काम नव्याने काढलं. या वेळी मी माणूस आधी शोधला, दुकान नंतर. नवीन पनवेलच्या नाक्यावरून काम सुरू केलेले आणि आता स्वतःची चार माणसांची टोळी असलेले एक गवंडी आहेत. इमारतीत सगळे त्यांना मामा म्हणतात. मामा बीडकडचे, तीस वर्षांपूर्वी या बाजूला आले. त्यांनी पाहणी करताना चिमणीकडे पाहिलंच नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढून भिंत पाहिली. वारा कुठून लागतो ते विचारलं. खालच्या मजल्यावर कुणाची खिडकी येते ते पाहिलं. नंतर म्हणाले, “ताई, कामाचा क्रम असा असतो. आधी धूर, मग पाणी, मग वीज, आणि फरशी सगळ्यात शेवटी. तुमच्याकडे फरशी आधी लागली, आता बाकी सगळ्याला तिची भीती वाटते.”

होल कुठे घ्यायचं याला पूर्ण दुपार गेली, आणि माझ्या मते या सगळ्या कामातली तीच दुपार खरी मोलाची होती. भिंतीत वर तुळई असते, तिला हात लावायचा नाही. मामांनी हातोडीच्या टोकाने ठोकत ठोकत तिची खालची कड शोधली. विटेवरचा आवाज बसका येतो, काँक्रीटवर टणक. खिडकीवरच्या पट्टीलाही धक्का नको. म्हणून खिडकीच्या बाजूची, तुळईखालची जागा ठरली. इलेक्ट्रिशियनने बोर्डापासून वर जाणाऱ्या तारेची रेघ पेन्सिलने आखून दिली. ज्यांच्याकडे पाइपचा गॅस आहे त्यांनी आणखी एक रेघ धरावी, गॅसच्या पाइपाची. तो हलवायचा असेल तर गॅस कंपनीलाच बोलवायचं, आपल्या प्लंबरने त्याला पाना लावायचा नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. पाइपचा गॅस हलका, तो छताशी जमतो. म्हणून हवेची जाळी एका घरात खाली लागते आणि दुसऱ्या घरात वर.

तुळई आणि खांबांबद्दल मामा फार कडक आहेत. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरला सिद्धी साई इमारत कोसळून 17 माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं. मामा त्या काळात मुंबईतच एका कामावर होते. त्यानंतर एका घरमालकाने खांबाची कड तासून फ्रिज बसवायला सांगितलं, तेव्हा त्यांनी बयाणा परत देऊन काम सोडलं. सोसायटीला लेखी कळवल्याशिवाय ते होलही करत नाहीत. आमच्या अर्जावर कमिटीची सही यायला नऊ दिवस लागले, आणि ते नऊ दिवस ते शांतपणे थांबले.

सोसायटीतला प्रश्न सहीपुरता नव्हता. इमारतीच्या मधोमध जो उभा मोकळा चौक असतो, ज्याला सगळे डक्ट म्हणतात, त्यात पाइप सोडा असं काहींचं म्हणणं होतं. बऱ्याच घरांनी तसंच केलंय. पण त्या डक्टमध्ये सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. खालच्या घरातली सुकट वरच्या घरात जाते, वरच्या घरातली हिंगाची फोडणी समोरच्या घरात. सुकापूरच्या एका जिन्यावर आगरी, घाटावरची, मालवणी, गुजराती, उत्तर प्रदेशची, केरळची घरं एकत्र नांदतात, आणि वासावरून झालेली भांडणं लवकरच वासापुरती राहत नाहीत. कोण काय खातं यावर बोललं जातं. हे मी आमच्या जिन्यात ऐकलंय आणि मला त्याची लाज वाटते. तो प्रश्न खाण्याचा नव्हताच, चुकीच्या जागी सोडलेल्या पाइपाचा होता. त्यात तेलाने माखलेल्या पाइपाला आग लागली, तर तो डक्ट स्वतःच धुराड्यासारखी आग वर ओढेल. म्हणून बाहेरची भिंत, एवढंच आम्ही धरून बसलो. काही इमारतींत बाहेरच्या भिंतीला होल करू देत नाहीत. तिथे लोक बिनपाइपाची चिमणी घेतात. ती तेल आणि थोडा वास गाळते. उष्णता, वाफ आणि जळलेला वायू मात्र पुन्हा खोलीतच सोडते. तिच्यासोबत खिडकीत साधा बाहेर हवा फेकणारा पंखा हवाच.

होलच्या दिवशी दोन तरुण मुलं मशिन घेऊन आली. छिन्नी-हातोड्याने केलं असतं तर बाहेरचं प्लास्टर वीतभर सुटलं असतं आणि पहिल्याच पावसात पाणी आत आलं असतं. हे मशिन भिंतीला बोल्टने घट्ट धरतं, त्याच्या पुढे हिऱ्याच्या दातांची नळी असते आणि तिच्यावर सतत पाणी सोडावं लागतं. सहा इंची पाइपाला साडेसहा इंची होल. मामांचा बिगारी खाली जिन्यापाशी लोकांना थांबवायला उभा राहिला. लाल चिखलाचं पाणी ओट्यावरून ओघळलं, मी चिंध्या आणि बादल्या घेऊन बसले. वीस मिनिटांनी मशिनचा आवाज एकदम बदलला आणि भिंतीत आभाळाचा गोल तुकडा दिसला. सासूबाई उठून त्या गोलाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिकडून वारं येत होतं. होलचे बाराशे रुपये झाले. आधी केलं असतं तर टाईल फुटली नसती, एवढाच खर्चातला फरक. गिझरचा हिशेब पैशात धरता येत नाही.

पाइप या वेळी कडक आणि आतून गुळगुळीत घेतला, चुण्यांचा नाही, कारण चुण्यांत तेल साचतं. लांबी अडीच फूट, वळण एकच. मामांनी पाइपाला बाहेरच्या अंगाला ढाळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी शिरलं किंवा आतली वाफ गार होऊन पाणी झालं, तर ते ओट्यावर न येता बाहेर जाईल. बाहेरच्या तोंडाला खाली वळलेली टोपी, कारण आमची ती भिंत पश्चिमेची आणि नैऋत्येचा पाऊस तिच्यावर आडवा येऊन आदळतो. आत हलकी झडप, चिमणी बंद असली की मिटणारी. मामांनी तोंडाला बारीक जाळी लावायला नकार दिला. तिच्यावर तेल बसून महिन्याभरात ती बुजते. पण जाळी नसेल तर चिमण्या घरटं करतात, म्हणून बोट जाईल एवढ्या फटींची मोठी जाळी लावली, आणि ती दोन स्क्रू काढून उघडता येते. वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि दिवाळीच्या आधी, ती उघडायची असं ठरलं. कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे.

पैशांची बोलणीही या वेळी वेगळी झाली. बयाणा थोडा, होल आणि पाइप झाल्यावर मोठा हिस्सा, आणि शेवटची रक्कम उदबत्तीच्या परीक्षेनंतर. ही अट मी घातली तेव्हा वाटलं मामा रागावतील. ते म्हणाले, “लावा ताई, मलाही बघू द्या.” खिडक्या लावून उदबत्ती बाथरूमच्या दाराशी धरली. रेघ थोडी कललीच. मामा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी उठून ड्राय बाल्कनीची काच वीतभर सरकवली, हॉलची खिडकी थोडी उघडली. रेघ सरळ झाली. “एवढी हवा आत येऊ द्यावीच लागते,” ते म्हणाले, “मशिन हवा तयार करत नाही.” पाइप कितीही चांगला बसवला तरी हे काम पाइपाचं नाही, रोज स्वयंपाक करणाऱ्याचं आहे. हे त्या दुपारी सांगणारा माणूस आधीच्या चौघांत नव्हता.

त्यानंतर इमारतीतल्या तीन घरांत मामांनी पाइपांची कामं केली. एका घरी त्यांनी चिमणी घ्यायलाच नको म्हणून सांगितलं. तिथे ओट्यासमोरच मोठी खिडकी होती आणि आजोबा-आजी दोघंच राहत होती. एक चांगला पंखा बसवून ते परत आले. मजुरी कमी मिळाली.

आषाढात पाऊस चार दिवस सरळ धरला होता. प्रबळगड दिसेनासा झाला होता, गाढी तांबडी होऊन वाहत होती. सासूबाईंनी ओले बोंबील रव्यात घोळवून ठेवले. मी भिंतीजवळ बॅटरी घेऊन गेले, पाइपाच्या सांध्यावर हात फिरवून पाहिला, कोरडा होता. बाहेर टोपीच्या टोकातून पाणी थेंबाथेंबाने खाली पडत होतं, ढाळाच्या दिशेने. तवा तापला. सासूबाईंनी आधी हॉलची खिडकी वीतभर उघडली, पावसाचे दोन शिंतोडे सोफ्यावर आले तरी तशीच ठेवली, आणि मगच चिमणीचं बटण दाबलं.